अहवाल, वजन त्रेसष्ट किलो

पेंडसेसाहेब,
पोरगा कुठवर जाईल, असं विचारलंत.
एका पानात लिहा म्हणालात.
पान संपलं तर पाठीमागे लिहीन.

नाव लिओस्बेल. आडनाव माझ्या जिभेला झेपत नाही,
पासपोर्टावर बघून घ्या.
खडकीच्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचा बेल्या केला.
हाक मारली की वळतो. आधी पाय वळतो, मग मान.
ही पहिली नोंद.

डावखुरा. उजवा हात पुढे,
लाइट गेल्यावर भिंतीवर बटण चाचपावं
तसा अंतर चाचपत राहतो.
मारत नाही. मोजतो.
आमच्या झिया बागवानने पहिल्या राउंडात
एकवीस ठोसे टाकले
(मी काडेपेटीतल्या काड्या बाजूला काढत मोजतो, जुनी सवय).
लागला एक, तोही खांद्याला.
बाकीचे वीस पत्र्याच्या शेडमधल्या हवेने खाल्ले.
हवा दमली नाही. झिया दमला.

पायांबद्दल लिहायला बसलो आणि चहा गार झाला.
दिवाळीच्या आदल्या दिवशी तुळशीबागेतून
एखादी बाई काचेची बरणी घेऊन
कुणाला न लागता बाहेर पडते, तसं काहीतरी.
याला कोपऱ्यात कोंड, असं झियाला तीनदा सांगितलं.
तिन्ही वेळा कोपऱ्यात झियाच उरला.

दोष.
हात खाली ठेवतो.
आम्हाला शिकवलं, हनुवटीला कुलूप लाव.
हा दार सताड उघडं टाकून
उंबऱ्यावर बसतो, चोराची वाट बघत.
आज चोर सापडतो. डोळे बावीस वर्षांचे आहेत.
बत्तिसाव्या वर्षी डोळे अर्धा क्षण उशिरा उठतात,
हे मी कुठे वाचलेलं नाही.
माझा डावा कान तुम्ही पाहिलाय.

ताकद मध्यम.
त्याचा ठोसा बसला की माणूस पडत नाही,
माणसाला वाटतं, आपणच चुकीच्या जागी उभे होतो.
तिकीट काढून आलेल्यांना हे दिसणार नाही.
तुमचा तोटा तिथे आहे. आधीच सांगून ठेवतो.

आता गुरुवारचं. हे लिहावं की नाही,
दोन दिवस ठरत नव्हतं.
झियाचा उजवा, आंधळा, नेमका लागला.
बेल्या एका गुडघ्यावर.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आपल्या कोपऱ्याकडे पाहिलं.
तिथे निळी बादली होती, दुसरं कुणी नाही.
सहाच्या आकड्याला उठला
आणि सगळी शाळा विसरला.
अंतर नाही, पाय नाही,
पोटाला पोट लावून मारत सुटला, गल्लीतल्यासारखा.
मी मध्ये पडलो तेव्हा माझ्या शर्टावर झियाची भुवई होती.

माझ्या वहीत हे वाईट या रकान्यात आहे.
पण रात्री वाटलं,
बाकीचं सगळं कुणाकुणाचं होतं,
तिकडच्या दहा मास्तरांनी दहा वर्षं घासलेलं.
ही दीड मिनिटं तेवढी त्याची स्वतःची.
तुम्हाला नेमकी हीच आवडतील,
म्हणून ही ओळ खोडणार होतो.
खोडली तर अहवाल खोटा.
तेव्हा वाचा, पण यावर पैसे लावू नका.
पायांवर लावा. पाय सावकाश फळतात.

संध्याकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला.
तिकडे सकाळ असावी.
बेल्या शेडबाहेर बाभळीखाली फोन धरून उभा.
पडद्यावर एक बाई, केसांना रुमाल.
त्याने तिला आधी एक हात दाखवला, उलटा, सुलटा,
मग दुसरा, मग दात.
ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली,
मी बघतो त्याहून बारीक.
तिच्या वहीत काय लिहिलं गेलं, मला कळायला मार्ग नाही.

भवितव्य हा रकाना म्हणून कोरा.

झियाला तीन टाके. सहाशे चाळीस रुपये.
पावती मागे टाचली आहे.
बेल्याने अर्धे देऊ केले होते, मी घेतले नाहीत.
पूर्ण तुमच्याकडून.